पहिल्या हंगामाचा कोयता

दसरा सरला की माजलगाव, वडवणी आणि धारूर या तालुक्यांच्या रस्त्यांवर एक परिचित दृश्य दिसू लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, बाजरीची पोती, पाण्याचे पिंप, एखादी शेळी, गुंडाळलेली ताडपत्री आणि या सर्वांवर बसलेली माणसे. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सातारा, पुणे, सोलापूर वा अहिल्यानगरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात निघालेले असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ही कुटुंबे गावी परतत नाहीत. मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांना या स्थलांतराची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला काही बाके रिकामी असतात आणि झावळ्यांच्या रविवारच्या आगेमागे ती पुन्हा भरतात.

ऊसतोड कामगारांच्या मजुरीविषयी, उचलीविषयी, मुकादमाच्या जाचाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते आवश्यकच होते. येथे आम्ही त्या ट्रॉलीवर आयुष्यात पहिल्यांदाच बसलेल्या व्यक्तीविषयी लिहीत आहोत. तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल, नुकतीच नववी-दहावी सोडलेला. ती दिवाळीपूर्वी घाईने लग्न लावून दिलेली मुलगी असेल. कामाच्या ठिकाणी नवख्या व तरुण कामगाराच्या जिवाची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न जगभर विचारला जातो. आपल्या जिल्ह्यात तो क्वचितच विचारला जातो, कारण उसाच्या फडाला ‘कामाचे ठिकाण’ म्हणण्याची सवयच आपल्याला लागलेली नाही.

माजलगावची स्थिती या बाबतीत थोडी विलक्षण आहे. सिंदफणा नदीवर जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात माजलगाव धरण झाले आणि कालव्याच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. पुढे मंजरथजवळ ही सिंदफणा गोदावरीस मिळते, तोवर दोन्ही तीरांवर हिरवे फड दिसतात. तालुक्यात व परिसरात साखर कारखाने आहेत. त्यामुळे ज्या रस्त्याने बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील टोळ्या बाहेर जातात, त्याच रस्त्याने ऊस तोडण्यासाठी दुसऱ्या टोळ्या येथे येतात. येथून जाणाऱ्याचे दुःख आपल्याला ‘आपले’ वाटते. येथे आलेल्याच्या कोप्या मात्र आपण मोटारीच्या काचेतून पाहतो. कऱ्हाडच्या वा इस्लामपूरच्या बागायतदाराने आपल्या माणसाला कसे वागवावे याविषयी आपली मते ठाम असतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

या व्यवसायाचे गणित ‘कोयता’ या एका शब्दात आहे. कोयता हे हत्यार आहे आणि मजुराचे एककही आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. टोळी मोजली जाते ती कोयत्यांत. या मोजमापात माणसाचे वय कोठेच येत नाही, प्रकृती येत नाही, आणि हा त्याचा कितवा हंगाम आहे हेही येत नाही. वीस हंगाम काढलेला गडी आणि कालपर्यंत शाळेच्या बाकावर बसलेला पोरगा हिशेबाच्या वहीत सारखेच दिसतात.

काम कसे चालते ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पहाटे तीन-चार वाजता टोळी उठते. थंडीच्या दिवसांत उसाच्या पात्यांवर दव असते आणि पात्याची कड पातळ पात्यासारखी कापते. चेहरा, मान, मनगटे यांवर बारीक चिरे पडतात व त्यांत घाम गेला की आग होते. गडी वाकून बुडख्याशी ऊस तोडतो, वाढे छाटतो. बाई पाचट सोलते, ऊस गोळा करते, मोळी बांधते. मोळी तीस-चाळीस किलोंची भरते. ती डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत जायचे आणि ट्रॉली भरत आली की तिला टेकवलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत वर चढायचे. वाहन रात्री आले तर भरणीही रात्री करायची, कारण तोडलेला ऊस वाळला की वजन घटते. एक जोडपे दिवसभरात साधारण दीड-दोन टन ऊस तोडते, असा ढोबळ हिशेब आहे.

आता यात धोका कोठे आहे ते पाहू. कोयत्याचा घाव डाव्या हाताच्या बोटांवर वा नडगीवर बसतो आणि तो बहुधा नवख्यालाच बसतो, कारण जुन्या गड्याचा डावा हात कोयता खाली येण्यापूर्वीच आपोआप मागे सरतो. ही समज अंगात मुरायला वेळ लागतो. फळीवरून पाय घसरतो, कारण मोळीचे वजन मानेवर कसे पेलावे हे अद्याप शरीराला कळलेले नसते. पाचटाच्या ढिगात साप असतो. जुनी बाई आधी कोयत्याच्या टोकाने पाचट हलवते, नवी सरळ हात घालते. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात उसात बिबट्या व्यालेला असतो. फडालगतच्या विहिरीला कठडा नसतो. रात्री रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीला मागे लाल पट्टी नसते आणि दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळणावर कलतो. फडाच्या कडेला धडप्यावर निजवलेल्या लेकराच्या अंगावरून मागे येणारे वाहन गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येत राहतात. त्या आतल्या पानावर चार ओळींच्या असतात.

या यादीतील बहुतेक गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. फळीला आडव्या पट्ट्या ठोकणे, पायात जाड बूट, डाव्या हातात मोजा, गाडीमागे चकाकणारी पट्टी, तळावर सर्पदंशाच्या वेळी कोणत्या रुग्णालयात जायचे याची माहिती, यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. हंगामाच्या आरंभी बॉयलर अग्निप्रदीपन होते, गव्हाणीची पूजा होते, मान्यवरांच्या हस्ते पहिली मोळी टाकली जाते, छायाचित्रे निघतात. त्या समारंभाच्या खर्चातला थोडासा भाग बाजूला काढला तर पहिल्यांदा फडात उतरणाऱ्या प्रत्येकाला बूट देता येतील.

नवखेपणाचा धोका ही केवळ आमची समजूत नाही. कॅनडातील टोरांटो येथील एका संशोधन संस्थेने अपघातांच्या नोंदी तपासून दाखवून दिले आहे, की नोकरीच्या पहिल्या महिन्यात कामगाराला गंभीर इजा होण्याचा धोका वर्षाहून अधिक काळ तेथे काम केलेल्या कामगाराच्या तुलनेत तिपटीहून अधिक असतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की चाळीस वर्षांचा माणूसही नव्या कामावर गेला की त्याला हाच नियम लागू पडतो. तारुण्य हा वेगळा धोका आणि नवखेपण हा वेगळा. ऊसतोडीच्या पहिल्या हंगामात दोन्ही एकाच देहात एकत्र येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली २८ एप्रिलचा जागतिक सुरक्षा दिन याच विषयाला वाहिला होता आणि २०२२ च्या जून महिन्यात ‘सुरक्षित व निकोप कार्यपरिस्थिती’ हिचा समावेश कामगारांच्या मूलभूत हक्कांत केला. म्हणजे सक्तीच्या श्रमापासून मुक्ती, बालमजुरीचे निर्मूलन यांच्या पंक्तीला हा हक्क आता बसला आहे.

तरुण कामगार धोका ओळखत नाही असे म्हटले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. पुष्कळदा तो ओळखतो, पण बोलत नाही. उचल वडिलांनी घेतलेली असते. ती बहिणीच्या लग्नात वा दवाखान्यात खर्च झालेली असते. एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ धरला जातो. मजुरी तर जातेच, वर दंडाची रक्कम उचलीत मिळवली जाते. अशा स्थितीत बोट कापलेला मुलगा चिंधी बांधून पुन्हा फडात उभा राहतो, तो निष्काळजीपणाने नव्हे. घरच्या कर्जाचा भार आपल्या बोटापेक्षा मोठा आहे, हे त्याला पुरते समजलेले असते. सुरक्षेचे फलक लावून हा प्रश्न सुटणार नाही, कारण त्याचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे.

मुलीची गोष्ट याहून कठीण आहे. कोयता पूर्ण होण्यासाठी जोडपे हवे. वयात येणारी मुलगी गावी कोणाकडे ठेवायची, ही आईबापांची चिंता. आणि मुलाला बायको आली की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो, हा दुसऱ्या बाजूचा हिशेब. या दोहोंच्या मेळातून हंगामापूर्वीची लग्ने लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण त्याच पाहणीत २१.९ टक्के होते. या आकड्याकडे आपण सामाजिक कुप्रथेचा आकडा म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. पण तो कामगार-सुरक्षेचाही आकडा आहे. ही मुलगी एकाच महिन्यात नवी सून होते आणि नवी मजूर होते. आणि बहुधा हंगाम संपण्यापूर्वी गरोदरही राहते. तिच्यासाठी फडावर आडोसा नाही, तळावर न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, आणि तपासणीची तारीख लिहिलेले कार्ड तीनशे किलोमीटर दूर गावच्या उपकेंद्रात राहिलेले असते.

येथे आपल्या स्वतःच्या घराकडेही पाहणे प्राप्त आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार असा विवाह लावून देणाऱ्यास, घडवून आणणाऱ्यास व त्यास साहाय्य करणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील किमान वय कमी आहे, असा युक्तिवाद अधूनमधून कानावर येतो. पण ज्या विवाहास देशाचा कायदा मान्यता देत नाही वा जो त्याच्या नियमांनुसार लावता येत नाही, असा विवाह धर्मप्रांताधिकाऱ्यांच्या अनुमतीवाचून लावू नये, असे तोच ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. स्नानसंस्काराची नोंदवही आपल्याकडे असते; तीत जन्मतारीख असते. ऑक्टोबर महिन्यात घाईघाईने आलेल्या विवाहाच्या अर्जाशी ती तारीख ताडून पाहणे हे धर्मगुरूंचे काम आहे आणि त्या मुलीच्या दृष्टीने ते कोणत्याही प्रवचनाहून मोलाचे आहे.

२०१९ साली बीड जिल्ह्याचे नाव जगाच्या वृत्तपत्रांत झळकले ते गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांमुळे. विधान परिषदेच्या सदस्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सुमारे सहा जणींत एक. त्यांपैकी अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. त्या वेळी सारा रोष डॉक्टरांवर केंद्रित झाला. काही प्रमाणात तो योग्यही होता. परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंत ती बाई कशी आली, हे पाहिले पाहिजे. कोवळ्या वयात बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर मोळी, अस्वच्छ पाणी, लघवी रोखून धरण्याची सवय, त्यातून वारंवार होणारा संसर्ग, आणि पाळीमुळे पडणारा खाडा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिल्या हंगामात जी झीज सुरू होते, तिचा शेवट पस्तिशीत शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतो. अपघात म्हटला की आपल्याला रक्त दिसते. हा अपघात वीस वर्षे चालतो, म्हणून तो कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.

कायदा या सर्वांकडे कसा पाहतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० या विषयाशी थेट संबंधित आहे. मालकाने कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवावी, नेमणूकपत्र द्यावे, ठरावीक कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्य तपासणी करावी, अशी कर्तव्ये तीत सांगितली आहेत. जिवावर बेतेल असा धोका दिसला तर कामगाराने तो मालकाच्या व निरीक्षकाच्या निदर्शनास आणावा आणि मालकाने त्वरित उपाय करावा, असेही कलम आहे. वाचताना समाधान वाटते.

मग ऊसतोड कामगार या चौकटीत बसवू गेलो की अडचणी सुरू होतात. त्याचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी वा मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी मध्यस्थ. शेतकरी म्हणतो, तोड कारखान्याची. कंत्राटी कामगारांविषयीचा भाग लागू होण्यासाठी नव्या संहितेने पन्नास कामगारांची मर्यादा ठेवली आहे. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ती वीस होती. एका ट्रॅक्टरच्या टोळीत दहा-बारा कोयते, म्हणजे वीस-पंचवीस माणसे असतात. जुन्या मर्यादेत मुकादम येऊ शकत होता, नव्या मर्यादेखालून तो सहज निसटतो. सर्व टोळ्या मिळून कारखान्यासाठी हजारो माणसे राबतात, तेव्हा त्यांची बेरीज कारखान्याच्या नावे धरावी हा न्याय्य अर्थ होईल. तो धरला जाईल की नाही हे अंमलबजावणीवर अवलंबून आहे. आणखी एक विसंगती पाहा. आंतरराज्य स्थलांतरित कामगाराला कायद्याने काही विशेष संरक्षण दिले आहे. माजलगावचा मजूर बेळगाव जिल्ह्यात ऊस तोडत असेल तर तो आंतरराज्य स्थलांतरित. तोच सीमेअलीकडे शिरोळ तालुक्यात तोडत असेल तर नाही. दोन्ही ठिकाणी त्याची कोपी सारखीच गळते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यावेत व तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरले. २०२१ च्या जून महिन्यात संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहे उभारण्याची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली या मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. यांतील सर्वांत दूरगामी उपाय आमच्या मते वसतिगृहाचा आहे. मुलगा वा मुलगी गावी सुरक्षित राहून शिकत राहिली, तर पहिला हंगाम दोन-चार वर्षे पुढे जातो. आणि सोळाव्या वर्षाऐवजी विसाव्या वर्षी फडात उतरलेल्या देहाची गोष्ट वेगळी असते. कदाचित तो उतरणारही नाही. या दृष्टीने वसतिगृहाची प्रत्येक रिकामी खाट ही सुरक्षेतील त्रुटी समजली पाहिजे. परंतु हे उपाय कल्याणाचे आहेत, सुरक्षेचे नाहीत. महामंडळ मदत देऊ शकते. फडावर जाऊन फळी तपासणारा निरीक्षक देऊ शकत नाही.

ज्यांनी ऊस सोडला त्यांच्याविषयीही दोन शब्द. माजलगावचा दहावी-बारावी वा आयटीआय झालेला तरुण आज वाळूज, चाकण, रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतींत जातो. घरी सांगतो, ‘कंपनीत लागलो.’ तेथे कंत्राटदाराची टोळी असते; तो नव्या रूपातील मुकादमच. दुसऱ्या दिवशी पॉवर प्रेसवर उभे केले जाते. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटे गमावलेल्या कामगारांसाठी काम करणाऱ्या सेफ इन इंडिया या संस्थेचे अहवाल २०१९ पासून हेच सांगत आले आहेत, की जखमींत कंत्राटी व बाहेरगावाहून आलेल्या कामगारांचा मोठा भरणा असतो आणि यंत्रांवरील संरक्षक उपकरणे बसवलेली नसतात वा काढून ठेवलेली असतात. कामगार राज्य विमा योजनेची नोंदणी अपघातानंतर होते, ही तर सर्वश्रुत गोष्ट आहे. जुन्या कारखाने अधिनियमात, १९४८ साली, किशोरवयीन कामगाराला पूर्ण माहिती व पुरेसे प्रशिक्षण दिल्याशिवाय धोकादायक यंत्रावर काम देऊ नये असे स्पष्ट कलम होते. पाऊणशे वर्षे ते कलम पुस्तकात होते आणि बोटे तुटत होती.

मोठ्या दुर्घटनाही दूरच्या नाहीत. ८ डिसेंबर २०१७ रोजी परळीजवळच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात उसाच्या गरम रसाची टाकी फुटून कामगार होरपळले व त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथील रासायनिक कारखान्याच्या आगीत पंधराहून अधिक कामगार गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज येथे हातमोज्यांच्या कारखान्यात आत झोपलेले सहा कामगार आगीत मृत्यू पावले. ते बिहारहून आलेले होते. आपल्याकडून कोल्हापूरला मजूर जातो, बिहारकडून आपल्याकडे येतो, आणि प्रत्येक ठिकाणी जागेची माहिती नसलेला, बाहेर पडण्याचा रस्ता न पाहिलेला माणूस आत अडकतो.

शिकाऊ उमेदवारांबाबत मात्र एक गोष्ट पालकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ ने कारखान्यातील सुरक्षेचे नियम शिकाऊ उमेदवारालाही कामगाराप्रमाणेच लागू केले आहेत आणि प्रशिक्षणाच्या काळात इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ‘तो अजून कायम नाही, त्यामुळे आम्ही जबाबदार नाही’ हे उत्तर ऐकून अनेक वडील मान खाली घालून परततात. हे उत्तर खोटे आहे. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा कार्यालयांत व कारखान्यांत असे हजारो नवखे तरुण एकाच वेळी दाखल झाले. त्यांना विद्यावेतन किती, याची चर्चा झाली, पहिल्या दिवशी आग विझवण्याचे नळकांडे कोठे आहे हे दाखवले का, याची झाली नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत नवी नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले होते, की धडधाकट पुरुषाला झेपणारे काम स्त्रीकडून वा बालकाकडून मागणे रास्त नाही, आणि मुलाचे शरीर व मन पुरेसे वाढण्यापूर्वी त्याला कारखान्यात धाडू नये. नव्वद वर्षांनी पोप दुसरे जॉन पॉल यांनी, जे स्वतः तरुणपणी दगडाच्या खाणीत व रासायनिक कारखान्यात राबले होते, निकोप कार्यपरिस्थिती हा कामगाराचा हक्क असल्याचे लिहिले. परंतु आम्हांस या संदर्भात अधिक आठवतात ते बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन. सेमिनरीत शिकत असताना त्यांच्या लक्षात आले, की आपले शाळासोबती कोवळ्या वयात कारखान्यात जाऊन काही वर्षांतच बदलून गेले आहेत व ख्रिस्तसभेपासूनही दुरावले आहेत. त्यांचे कष्टकरी वडील १९०३ साली वारले. त्या मृत्युशय्येपाशी त्यांनी आपले आयुष्य कामगारांना वाहण्याचा संकल्प केला आणि पुढे तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी केली. त्या चळवळीत धर्मगुरू उपदेश करीत नसत. तरुण कामगारच आपल्या कारखान्यात काय चालते ते पाहत, ते योग्य की अयोग्य हे पारखत आणि मग काय करायचे ते ठरवत. आपल्याकडे युवक संघटना आहेत. त्यांच्या सभांत गीतगायन स्पर्धा होतात, सहली ठरतात, होऊ द्याव्यात. पण चाकणहून सुट्टीवर आलेल्या मुलाला ‘तुझ्या यंत्राला पडदा आहे का रे?’ असे त्याच सभेत विचारणारा कोणी असला पाहिजे.

आगामी हंगामापूर्वी काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. टोळी निघण्याआधी ग्रामपंचायतीकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र घ्यावे. योजनांचा लाभ त्यावर अवलंबून आहे. गरोदर स्त्रीने आपले कार्ड व लहानग्यांची लसीकरणाची पत्रिका सोबत न्यावी. मुकादमाशी बोलणी करताना उचलीच्या रकमेबरोबर आजारपणातील व अपघातातील खाड्याचे काय, हे चार लोकांसमक्ष विचारून घ्यावे. हे एकट्या मजुराला जमत नाही. गावातील शिक्षक, धर्मप्रचारक वा सिस्टर सोबत बसल्या तर मुकादमाची भाषा बदलते, असा अनुभव आहे. टोळीत पहिल्यांदा जाणारा मुलगा असेल तर त्याला पहिले पंधरा दिवस जाणत्या गड्याशेजारची पात द्यावी आणि ट्रॉलीवर मोळी चढवण्याचे काम लावू नये. तेवढे मुकादमालाही परवडते, कारण जखमी कोयता त्याच्याही उपयोगाचा नसतो.

माजलगाव परिसरात बाहेरून आलेल्या टोळ्यांसाठीही हेच. त्यांचे तळ आपल्या रस्त्यालगतच असतात. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, सर्पदंशावरची लस कोठे मिळते, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक, एवढी माहिती मोठ्या अक्षरांत लिहून तळावरच्या एखाद्या कोपीवर चिकटवायला रविवारच्या मिस्सानंतरचा एक तास पुरतो. तळावर गेलात की तेथील मुलांची वयेही विचारा. उत्तर देताना आई क्षणभर थांबली, तर पुढचा प्रश्न शाळेचा करावा, लग्नाचा करू नये. म्हणजे ती बोलती राहते.